तारेला अडकलेला टिश्यू

ऑक्टोबरातला शनिवार, सकाळची सहा-सात डिग्री, आणि मी सेलिंग क्लबच्या मागच्या आवारात दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या, माझ्या शिडाच्या बोटीच्या डोलकाठीला आंघोळ घालत होतो. बादलीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, एक जुना टीशर्ट. काठी पुसून झाली की मग तिला ओढून धरणाऱ्या तारा. तारांवर हात फिरवायचा नाही हे मी पहिल्याच वर्षी शिकलो, कारण एखादी बारीक तार तुटून वर आलेली असली तर ती माशाच्या काट्यासारखी बोटात घुसते नि अर्धी आतच राहते, म्हणून मग टिश्यू घ्यायचा, तारेभोवती सैलसर धरायचा आणि वरपासून खालपर्यंत सरकवत न्यायचा. सरकला की झालं. दर वर्षी सरकतो. कंटाळवाणं काम आहे खरं तर, कानात काहीतरी लावून करायचं, आणि मी तसंच करत होतो. डावीकडची सगळ्यात लांब तार, तिचं खालचं टोक, जिथे ती त्या जाड स्टीलच्या नळकांड्यात शिरते त्याच्या दोन बोटं अलीकडे, टिश्यू थांबला. मी ओढला. फाटला, आणि नखाएवढा एक कपटा तिथेच राहिला, वाऱ्यावर फडफडत.

मला आधी वाटलं टेपचा चिकटा असेल.

मग फोनचा कॅमेरा झूम करून बघितलं. ही तार म्हणजे एक तार नसते, 19 बारीक तारांचा पीळ असतो तो, मधे 1, तिच्याभोवती 6, त्यांच्याभोवती 12. सगळं मिळून जाडी जेमतेम 5 मिलिमीटर, पण तोडायची म्हटलं तर सुमारे 2 टन ओढ लागते. त्या बाहेरच्या बारातली एक तुटलेली होती. तुटलेलं टोक केसाएवढं वर आलेलं, नि नळकांड्याच्या तोंडाशी एक उभी चीर, इतकी बारीक की उन्हात तिरकी धरल्याशिवाय दिसत नव्हती. शेजारच्या रॅकवर ज्याची काठी असते तो म्हातारा, सत्तरी कधीच ओलांडलेली, उन्हाळ्यात पायात चप्पलसुद्धा घालत नाही, तो आला, चष्मा कपाळावर सरकवून त्याने बघितलं, आणि काहीच बोलला नाही. शीळ घातल्यासारखा तोंडाचा चंबू केला फक्त. मग विचारलं, ह्या सीझनला जोराच्या वाऱ्यात नेली होतीस का रे?

नेली होती ना.

ऑगस्टमधे आईबाबा आले होते. बाबा आता 74 वर्षांचे. आयुष्य दापोलीत काढलं, समुद्र रोज नाही तरी आठवड्याला बघितला, पण शिडाच्या बोटीत कधी बसले नव्हते, आणि मी बोट घेतल्यापासून ‘एकदा बघायचंय तुझं ते खूळ’ असं फोनवर चाललेलं. तर एका रविवारी टोरांटोजवळच्या पोर्ट क्रेडिटहून बाहेर पडलो, मी, लेक, नि बाबा. आई किनाऱ्यावर, ती म्हणाली मी इथूनच फोटो काढते. जाताना वारा मागून होता, सगळं गोडगोड. परत येताना मात्र पश्चिमेचा वारा डाव्या बाजूने अंगावर घेत यायचं होतं आणि तो वाढला, बोट उजवीकडे कलली, चहाचा थर्मास गडगडत गेला. बाबांना मी मागे खाली बसा म्हणत होतो तर त्यांना वर डेकवरच बसायचं होतं, लाइफ जॅकेट घालून, डाव्या अंगाला, वाऱ्याकडे तोंड करून. त्यांच्या खांद्याजवळून ती तार वर गेलेली. ताणून एवढी कडक झाली होती की वाऱ्यात गुणगुणत होती. ते म्हणाले, ह्याला धरू का? मी म्हटलं, धरा बाबा, ती कुठे जात नाही.

हे वाक्य मला ऑक्टोबरपासून छळतंय.

ज्यांनी शिडाची बोट जवळून बघितली नसेल त्यांना सांगतो, काठी बोटीत रोवलेली-बिवलेली नसते. निदान आमच्यासारख्या बोटीत नाही. ती डेकवर नुसती उभी असते, आणि चहूबाजूंनी ओढून धरणाऱ्या तारांवर तिचं सगळं चाललेलं असतं. पुढे एक, मागे एक, आणि दोन्ही अंगांना ज्या असतात त्यांना श्राउड म्हणतात. इंग्रजीत कफनालाही श्राउडच म्हणतात, हे मला बोट घेतल्यावर लक्षात आलं नि मी ते बायकोला मुद्दाम सांगितलं नाही. वारा डावीकडून आला की सगळा भार डावीकडच्या तारेवर, उजवीकडची लोंबती राहते. म्हणजे बाबा ज्या तारेला धरून बसले होते, त्याच क्षणी, त्या वाऱ्यात, 36 फुटी काठी बहुतांशी त्याच तारेच्या जोरावर उभी होती. ती गेली असती तर काठी उजवीकडे पाण्यात, आणि हे सगळं एका श्वासाइतक्या वेळात. लेक सुकाणूवर होती.

म्हातारा म्हणाला एक तुटली म्हणजे अठरा शिल्लक आहेत, तेव्हाच्या तेव्हा काही कोसळत नाही. पण एक तुटली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात. हे तो इतक्या सहज म्हणाला की आम्ही दोघंही पुढे जरा वेळ गप्प होतो.

बोट मी 2021 च्या वसंतात घेतली. कोविडात लोकांनी कुत्री पाळली, केक केले, मी हे केलं. 27 फुटी, 1979 सालची, कॅनेडियन सेलक्राफ्ट नावाच्या कंपनीची, आणि तो कारखाना होता चक्क टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला. आज ब्रॅम्प्टन म्हटलं की आपल्याला जिलेबी, पनीर आणि लग्नाचे हॉल आठवतात, तिथे एकेकाळी शिडाच्या बोटी बनायच्या हे मला अजूनही गंमतीचं वाटतं, तळ्यापासून एवढ्या आत. सेकंडहँड गाडीपेक्षा स्वस्त मिळाली. स्वस्त का मिळाली ते पुढे कळत गेलं, पण ते असो. आमच्या ओंटारिओ तळ्यावर सीझन म्हणजे मे ते ऑक्टोबर, खेचून ताणून साडेपाच महिने, उरलेले साडेसहा बोट जमिनीवर स्टँडांवर आणि काठी रॅकवर. सगळे काठी काढत नाहीत. आमच्याकडेच बरेचजण उभीच ठेवतात, त्यांचं म्हणणं उतरवताना-चढवताना जेवढी इजा होते तेवढी हिवाळ्यात होत नाही, आणि अगदीच खोटं नाही ते. पण जमिनीवर टेकवलेल्या बोटीत उभी काठी नोव्हेंबरच्या वाऱ्यात अशी थरथरते की खाली उभं राहिलं तर बोटीच्या पोटातून आवाज येतो, शीड गुंडाळून तसंच वर सोडलेलं असलं तर एखाद्या रात्री ते सुटून चिंध्या होतात, आणि दोऱ्या काठीवर आपटत राहतात, टण टण टण, रात्रभर, मैलभर ऐकू येईल असं. मोठ्या तळ्यांवरचा नोव्हेंबर काय चीज आहे हे इथल्या कुणालाही विचारा. 10 नोव्हेंबर 1975 ला लेक सुपिरिअरवर एडमंड फिट्झगेराल्ड हे 700 फुटांच्या वरचं मालवाहू जहाज 29 माणसांसकट बुडालं, आणि अजूनही त्या तारखेच्या आसपास क्लबात कुणी ना कुणी ते काढतंच. तर मी आपला काठी उतरवणाऱ्या गटातला. उतरवली की हाताखाली येते, बघता येते. आता वाटतं बरंच झालं.

पहिल्या वर्षी उतरवली तेव्हा मी तिच्यावर फार प्रेम केलं.

म्हणजे काय, तर प्लास्टिकमधे गुंडाळली. आपल्याकडे नवीन वस्तूवर माया करायची म्हणजे प्लास्टिक घालायचं. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, गाडीच्या सीटवर कंपनीचं कव्हर दोन वर्षं तसंच, सोफ्यावर चादर नि चादरीखाली अजून काहीतरी. बाबांचा पासपोर्ट तीन पिशव्यांत असतो, एकात एक, आणि शेवटच्या पिशवीला रबरबँड. इमिग्रेशनच्या काउंटरवर ते सोडवत बसतात तेव्हा मागची रांग सुस्कारे टाकते. मी त्याच घरातला. दुकानातून सामान बांधायच्या फिल्मचे मोठे रोल आणले, तारा काठीला घट्ट आवळल्या, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सगळं गुंडाळलं, वरून टेप, एक थेंब आत जाणार नाही असं. आधी दोन दिवस पाऊस पडून गेलेला, काठी पूर्ण वाळली होती का हे काही मी बघितलं नव्हतं. चमकत होती ती रॅकवर, बाकीच्यांच्या उघड्याबोडक्या काठ्यांमधे एकटी. तो म्हातारा येऊन बघून गेला आणि म्हणाला, छान, स्विमिंग पूल बांधलास. मला वाटलं जोक करतोय, मीही हसलो. दुसऱ्या वर्षीही तेच केलं, आणखी एक थर वाढवून.

एप्रिलमधे उलगडली तेव्हा वास आला आधी. पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेचा येतो तसा. अॅल्युमिनिअमवर जिथे जिथे स्टीलचा स्क्रू होता त्याच्याभोवती पांढरी पूड धरलेली, खरवडली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. तारांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. मला तोपर्यंत वाटायचं स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस, गंजायचा प्रश्नच नाही. तर ते तसं नसतं. स्टेनलेसच्या अंगावर एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, हवेतल्या ऑक्सिजनने तो सतत स्वतःला दुरुस्त करत राहतो, आणि हवा बंद केली नि ओल आत ठेवली की तोच पापुद्रा जातो आणि मग फटीफटीतून गंज आत शिरतो. अॅल्युमिनिअम नि स्टील दोन्ही ओले होऊन एकमेकांना चिकटून बसले की अॅल्युमिनिअम मरतं. आमचं गोड्या पाण्याचं तळं म्हणून निभावलं, खाऱ्या पाण्यात याहून वाईट झालं असतं. आणि काठीच्या आत उंदराने घर केलेलं. चांगलं मऊ, शीड वर ओढायच्या दोरीचा पिंजून कापूस करून. बंद, कोरडं, वारा नाही, मांजर नाही. त्याच्या दृष्टीने मी फ्लॅटच बांधून दिला होता.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं तर ती मनापासून हसली. तिच्या लग्नातली पैठणी अजून आहे, पन्नास वर्षांची, जरीला काळेपणा नाही. ती जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळलेली असते, आणि दर वर्षी दिवाळीच्या आधी एका दुपारी ती बाहेर काढून आई खोलीत पसरते, उन्हात नाही, सावलीत, आणि परत ठेवताना घड्या बदलते, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम चिरू नये. लहानपणी मी त्या दुपारी पंखा बंद करायच्या ड्यूटीवर असायचो. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होत होतं आणि मी स्टीलच्या बाबतीत तिला विचारायला गेलो नाही. कोण विचारणार? पैठणी नि डोलकाठी.

आणि खरं म्हणजे काठीचंसुद्धा मी बघितलं होतं. हर्णैला मावशीचं घर, मे महिन्याची सगळी सुट्टी तिथे. बंदरावर संध्याकाळी लिलाव चाललेला असायचा, टोपल्या, बर्फ, आरडाओरडा, कमरेएवढ्या पाण्यात शिरून होड्यांतून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या, समोर सुवर्णदुर्ग. आणि मे संपत आला की ते सगळं हळूहळू ओसरायचं. मोठ्या लाँची आंजर्ल्याच्या खाडीत आत जायच्या, लहान होड्या वाळूवर वर ओढायच्या, ओंडके टाकून, वीसेक माणसं एका सुरात ओरडत, आणि आम्ही पोरं उगीच मागून हात लावत. मग शाकारणी. आता निळी ताडपत्री दिसते सगळीकडे, नि मासेमारीची बंदीही सरकारी तारखांनी येते, 1 जून ते 31 जुलै, पण तेव्हा निदान पाजपंढरीकडच्या बाजूला बऱ्याच होड्यांवर नारळाचे विणलेले झाप असायचे. आधी होडी गोड्या पाण्याने धुवायची, दोन दिवस उन्हात, मग लाकडाला माशाचं तेल, ज्याचा वास शर्टाला लागला तर मावशी घरात घ्यायची नाही, आणि मग त्यावर बांबूचं आढं करून दोन्ही अंगांनी झाप. एका घराच्या पडवीत वाशांच्या खाली डोलकाठी आडवी टांगलेली मला आठवते, चार ठिकाणी सुंभाच्या फासांत, नि तिच्यावर चिमण्या. काही गुंडाळलेलं नव्हतं तिला.

एक बारीकशी गोष्ट आठवते. शाकारलेल्या होडीच्या दोन्ही टोकांना, नाळेकडे आणि मागे, वीतभर फट सोडलेली असायची. मला ते राहून गेलंय असं वाटलं, म्हणून मी एक पडलेला झाप उचलून त्या फटीत खुपसायला गेलो, तर तांडेल तिकडून ओरडला, ‘ए, हात नको लावू तिकडं!’ एवढंच. कारण वगैरे काही सांगितलं नाही. बाबा होते बरोबर, ते मला हाताला धरून बाजूला घेत म्हणाले, चल, पाणी जाणार त्यातून, पण त्यांचं ते बघतील. परत जाताना रस्त्यातसुद्धा म्हणत होते, एवढं सगळं केलं नि तोंड उघडं ठेवलं. आमच्या घराला तेव्हा पावसाळ्यात पश्चिमेकडून प्लास्टिक लावायचे, खिडक्यांसकट, चार महिने घरात भर दुपारी ट्यूबलाइट. भिंतींना ओल यायचीच.

तर तिसऱ्या वर्षापासून मी सुधारलो. म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकलो म्हणा. उतरवायच्या आधीच प्रत्येक दोरीच्या शेपटाला एक बारीक पातळ दोरी शिवून घ्यायची आणि खरी दोरी ओढून बाहेर काढायची, म्हणजे काठीच्या पोटात हिवाळाभर बारीक दोरी राहते आणि वसंतात तिच्याच मागून जाड आत जाते. नाडी ओवणं आहे हे, दुसरं काही नाही, आणि नाडी आत गेली की होणारा संतापही तोच, फक्त इथे परकर 36 फुटांचा असतो. काढलेल्या दोऱ्या जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून वॉशिंग मशीनमधे, बायको घरात नसताना. तारांच्या टोकाचे स्क्रू, टर्नबकल, ते काठीवर घासून ओरखडे पाडतात म्हणून त्यांना लेकीचे विटलेले लोकरीचे मोजे, आणि प्रत्येक मोज्यावर मार्करने डावी-वरची, उजवी-खालची, कारण एप्रिलमधे काही म्हणजे काही आठवत नाही. रॅकवर काठीला पाच ठिकाणी टेकू, नाहीतर बर्फाच्या वजनाने मधे पोट येतं. टेकूवर आधी मी गालिच्याचे तुकडे ठेवायचो, मऊ म्हणून, ते काढले, ते पाणी धरून ठेवतात, आता रबर. बुडाची बाजू दोन विटांनी खाली, म्हणजे आत काही असेल ते निघून जाईल. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि बंद नळीत फुगलं तर अॅल्युमिनिअम शिवणीवर उसवावं तसं उभं चिरतं, एका शेजाऱ्याची काठी मी तशी बघितली आहे. दोन्ही तोंडांना भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबून ठेवतो, पाणी जातं, वारा जातो, उंदीर जात नाही. ह्या घासणीच्या आयडियेचा मला फार अभिमान आहे. खरी पहिली आयडिया कुणाची होती त्यावर आमचा वाद आहे.

पण तारेच्या टोकाची नळकांडी. तिथे गाडी येऊन थांबते माझी.

ते नळकांडं तारेवर दाबून बसवलेलं असतं, वरून अगदी बंद दिसतं, पण तारेच्या पिळातल्या फटींतून पाणी हळूहळू आत उतरतं. काठी उभी असताना खालच्या टोकांचं तोंड वर असतं, म्हणजे ते वाटीच झाले. आडवी ठेवून, उघडं ठेवून, वाऱ्यावर ते वाळतं. प्लास्टिकमधे वाळत नाही. आणि टोरांटोचा हिवाळा म्हणजे सतत उणे वीस असाही नाही, दिवसा अधिक तीन आणि रात्री उणे सात, पुन्हा सकाळी वितळलं, पुन्हा रात्री गोठलं, एका मोसमात कितीतरी वेळा. दर वेळी ते आतलं थेंबभर पाणी फुगणार नि नळकांडं आतून ढकलणार. ऑक्टोबरात जो रिगर आला, म्हणजे ह्या तारांचंच काम करणारा माणूस, त्याला मी विचारलं, माझ्या त्या दोन वर्षांच्या गुंडाळण्यामुळे झालं का हे? तो तारेचं टोक खिडकीकडे धरून बराच वेळ बघत होता. म्हणाला, असेलही. नसेलही. आधीच्या मालकाने तारा कधी बदलल्या होत्या? मला माहीत नव्हतं. कागदांत काही नव्हतं. अशा तारांना दहा-पंधरा वर्षं धरायची म्हणतात, आणि ह्या तीस वर्षांच्याही असू शकतील, म्हणजे माझ्या प्लास्टिकचा पत्ताही नसताना ती चीर पडायला लागली असेल. तो हे मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता की काय कळेना. बरं वाटलं नाही. म्हणजे मग मी पाच उन्हाळे लेकीला घेऊन त्याच तारांवर फिरलो, आणि टिश्यू फिरवताना कानात गाणी ऐकत होतो. ह्यातलं कुठलं बरं?

सगळ्याच तारा बदलल्या. एक बदलून भागत नाही. पैशांचा आकडा इथे लिहीत नाही, हा लेख घरी वाचला जातो.

जुनी डावी तार रिगरने कटरने कापली तेव्हा खालचा वीतभर तुकडा मी मागून घेतला. स्वयंपाकघरात ज्या ड्रॉवरमधे आपण बॅटऱ्या, रबरबँड, जुन्या किल्ल्या असलं सगळं टाकतो, त्यात आहे तो. रात्री काहीतरी शोधताना हाताला लागतो. जड आहे, त्याच्या आकाराच्या मानाने फारच. एकदा लेकीने काढून विचारलं हे काय, मी म्हटलं बोटीचं जुनं आहे, तिने टोकाला बोट लावलं नि ‘आऊ’ करून परत ठेवून दिलं. तिला सांगायला काही हरकत नव्हती, ती आता तेरा वर्षांची आहे, आणि पुढेमागे बोट तीच चालवणार. सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. त्यांच्या व्हॉट्सअॅपचा डीपी त्या रविवारचा आहे, लाल लाइफ जॅकेट, केस उडालेले, एक हात तारेला. आईने किनाऱ्यावरून झूम करून काढलेला म्हणून जरा फाटलाय, पण हात नीट दिसतो. दापोलीत सगळ्यांना दाखवून झालाय. बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर त्यांनी खाली लिहिलं होतं, ‘कप्तान’. 

जानेवारीत एका शनिवारी क्लबात गेलो. काम काही नव्हतं, बर्फ पडून गेल्यावर रॅकवर एक नजर टाकून यायची एवढंच. आवारात कुणी नाही, बोटी सगळ्या पांढऱ्या ताडपत्र्यांखाली, तळ्याच्या काठाला बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून बसलेले आणि त्यांच्याखालून पाण्याचा गुळगुळ आवाज. माझ्या काठीवर चार बोटं बर्फ साचला होता, तो हातमोज्याने झटकत गेलो, टेकू बघितले, बुडाकडची घासणी जागेवर होती, तिच्यातून एक बारीक हिमलोलक खाली लोंबत होता, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय. नव्या तारा मोज्यांच्या वर इतक्या चकचकीत दिसत होत्या की परक्या वाटल्या. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. इथे अकरा म्हणजे तिकडे साडेनऊ, जेवण उरकून बातम्यांआधीची वेळ. कुठे आहेस म्हणाले, मी कॅमेरा फिरवला, बर्फ दाखवला, तळं दाखवलं, आणि मग रॅकवरची काठी. त्यांनी फोन डोळ्यांच्या जवळ नेला, म्हणजे मला नुसता चष्मा नि कपाळ दिसायला लागलं.

‘ही आपली?’

‘हो.’

‘अरे मग उघडीच ठेवलीस? एवढ्या बर्फात? काहीतरी घाल की तिच्यावर. बघ तरी, अंगावर फडकं नाही बिचारीच्या.’ मागून आई काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही, टीव्ही चालू होता. मग ते म्हणाले मे-जूनमधे यायचा विचार आहे, तिकिटं बघतोय, आणि ह्या वेळी मला तिथेच बसायचंय हं, त्या तारेपाशी, ती जागा माझी.

‘हो बाबा,’ म्हटलं, ‘घालतो काहीतरी.’

फोन ठेवला. खिशात टिश्यू होता, नाक पुसायला घेतलेला. हातमोजा काढून तो मी डावीकडच्या नव्या तारेभोवती धरला आणि वरपासून खालपर्यंत सरकवत नेला, मग उजवीकडच्या, मग पुन्हा डावीकडच्या. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा गाडीकडे गेलो.